ओवी आणि वळ

माझी थोरली बहीण धुळ्याला असते. जळगावहून निघाले, एरंडोल आणि पारोळा मागे पडले की दोन-अडीच तासांत तिच्या दारी पोचता येते. पण आम्हां भावंडांतले अंतर तेवढेच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तिने मला एक प्रश्न विचारला. माझी एक जुनी कथा कोणत्याशा निवडक संग्रहात पुन्हा छापली गेली होती व मी तो संग्रह मोठ्या कौतुकाने तिला द्यायला गेलो होतो. अक्काने चष्मा लावला, कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि विचारले, "ह्यात मी कुठं आहे रे?"

मी काहीतरी उत्तर दिले. कथेला एकसंधपणा लागतो, पात्रे फार झाली की अनुभव पातळ होतो, असे काहीसे. ती ऐकून घेऊन चहा ठेवायला आत गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर जळगावला आला आणि अजून गेलेला नाही. आज वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर मी हा लेख लिहितो आहे, तो त्या प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणून नव्हे. उत्तर म्हणून मी जे दिले ते उत्तर नव्हते, एवढे आता कळले आहे म्हणून.

आधी हकीकत सांगतो. आमचे बापू कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत. दारूला शिवत नसत, एकादशी चुकवीत नसत, गल्लीत त्यांचा शब्द मानला जाई. हे मुद्दाम सांगतो; कारण घरात मारहाण म्हटले की आपण एक झिंगलेला, कफल्लक माणूस डोळ्यांसमोर आणतो आणि सुटका करून घेतो. बापू शुद्धीत मारीत. भाकरी करपली, पाहुण्यासमोर माय मध्येच बोलली, माहेराहून आलेला माणूस एक दिवस जास्त राहिला, एवढी कारणे पुरत. मारून झाले की हात धुऊन देवासमोर बसत.

माय पहाटे चारला जात्यावर बसायची. समोर अक्का. खुंट्यावर दोन हात मोठे, दोन लहान. मी गोधडीतून ऐकत असे. मायच्या ओव्यांत विठ्ठल असे, भाऊ असे, गिरणेचा पूर असे. बापू कधी नसत. १९५५ च्या माघातली एक पहाट मात्र मला लख्ख आठवते. आदल्या रात्री माय फार मार खाऊन झोपली होती. त्या पहाटे ती जात्यालाच उद्देशून गायली. ओवीचे शब्द इथे देत नाही, ते माझे नाहीत; अर्थ असा होता की, तूही दगडच आहेस बाबा, पण तुझ्या तोंडात दाणा घातला तर तू पीठ तरी देतोस; माझ्या घरातल्या दगडाला मी जन्म दिला तरी काही मिळत नाही. जन्म म्हणजे आयुष्य, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

बापू जागे होते. ते काही बोलले नाहीत, उठलेही नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा एक डबा आणला आणि सांगितले, "उद्यापासून दळण गिरणीवर." जाते माळ्यावर चढवले गेले. गल्लीतल्या बायकांनी मायचे भाग्य वाखाणले. बायकोच्या हाताला आराम म्हणून रोख पैसे मोजून दळण बाहेर पाठवणारा नवरा त्या काळी घरोघरी नव्हता. त्या डब्याबरोबर घरातून काय बाहेर गेले, हे फक्त आम्हां चौघांना ठाऊक होते.

१९७४ साली मी ह्यावर कथा लिहिली. बापू तोवर वारले होते. कथेत एक हळवा मुलगा होता, आई होती, बाप होता, कंदील होता. मारण्यासाठी उगारलेल्या हाताआधी त्या हाताची सावली भिंतीवर येते, असे एक वाक्य मी लिहिले होते. त्याची पुष्कळ वाहवा झाली. ते वाक्य खोटे नव्हते. कंदील मागे असला की तसेच होते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने ते नीट पाहिले होते. मात्र ज्या क्षणी तो सावली पाहत होता त्या क्षणी त्याची चौदा वर्षांची बहीण मध्ये शिरली होती. तिच्या मनगटावर काचेची बांगडी फुटून रुतली. तो वण अजून आहे. कथेत तो नाही, कारण कथेत ती नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. अक्काही देत नाही. दोष आहे तो अठ्ठावीस वर्षांच्या लेखकाचा. त्या मुलाने जे पाहिले त्यातून त्याने निवड केली, आणि ज्याने हात पुढे केला त्याला वगळून ज्याने फक्त पाहिले त्याला नायक केले.

इथून मी मूळ प्रश्नाकडे येतो. घरात, आपल्याच माणसांकडून जो छळ होतो, त्याला कलेने दिलेले उत्तर हे उत्तर असते का? दुःखातून कला जन्मते असे आपण फार सहज म्हणतो. आमच्या जळगावात तर हे वाक्य म्हणायला आधार शोधावा लागत नाही. बहिणाबाई चौधरींकडे बोट दाखवले की झाले. असोद्याची ही मुलगी तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आली, तिशीच्या सुमारास विधवा झाली, शेतात आणि जात्यावर राबली. अक्षराची ओळख नसताना गाणी रचीत राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवलेली तिची गाणी आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. हे सगळे खरे आहे. पण ह्यावरून दुःखाने बहिणाबाई घडवली, असे म्हणणे मला हिशेबाची चूक वाटते. आमच्याच गल्लीत त्या वयात विधवा झालेल्या आणि तसेच राबलेल्या कितीतरी बायका होत्या. दुःख सर्वांना सारखे वाटले गेले होते, गाणे नव्हते. जे सर्वांच्या वाट्याला आले त्याला एकीच्याच गाण्याचे कारण कसे म्हणायचे? बहिणाबाईंच्या गाण्यांत सुगरणीचा खोपा आहे, पेरणी आहे, खळे आहे, मनाचा खट्याळपणा आहे. ज्या नजरेला हे सगळे दिसले ती नजर दुःखाने दिलेली नव्हती. दुःखालाही ती हिरावता आली नाही, इतकेच.

हा भेद कोणाला शब्दच्छल वाटेल. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. कारण छळातून कला निर्माण होते असे एकदा मानले की छळाला एक प्रकारचे श्रेय मिळते. बापूंच्या हाताला माझ्या कथेचा सहलेखक म्हणावे लागते. मी तसे म्हणायला तयार नाही.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत नवऱ्याचा मार नाही. तो पाहायचा तर दुसऱ्या बहिणाबाईंकडे, तीनशे वर्षे मागे जावे लागते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की देवगाव लागते. तिथे १६२८ साली संत बहिणाबाई जन्मल्या. अगदी लहानपणी गंगाधर पाठक नावाच्या वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. पुढे आईबापांसह सारे कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे ह्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला एका वासराचा लळा लागला, जयरामस्वामींच्या कीर्तनाचा नाद लागला, लोकांत तिचे नाव होऊ लागले आणि नवऱ्याने तिला बांधून मारले. पुढे तिने तुकोबांना गुरू मानले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे, हा तर नवऱ्याच्या अभिमानावर घावच होता.

हे आपल्याला कोणी सांगितले? तिनेच. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन अभंगांत आहे आणि त्या अभंगांत मार आहे. कोणी मारले, कशावरून मारले, कसे बांधले, हे तिने लिहून ठेवले आहे. संतचरित्रांत देव येऊन मार चुकवतो. हिच्या चरित्रात मार बसतो. आईबाप त्याच बिऱ्हाडात होते, हे वाचताना मी दर वेळी थबकतो. म्हणजे उंबरठ्यावर उभे राहून पाहणारे तेव्हाही होते.

पण ह्याच बहिणाबाईंनी पतिसेवेचे, पतिव्रताधर्माचेही अभंग लिहिले आहेत. नवऱ्याला सोडून त्या कुठे गेल्या नाहीत. तो आजारी पडला तेव्हा त्यांनी त्याची सेवा केली. पुढे त्याचे मन पालटले आणि तो त्यांच्यासह देहूला गेला. आजच्या वाचकाची इथे पंचाईत होते. त्याला वाटते, ही बाई एक तर बंडखोर असावी नाहीतर शरण गेलेली. ती दोन्ही नाही. तिने घर मोडले नाही, गुरूही सोडला नाही आणि घडलेले लपवलेही नाही. ह्यातली तिसरी गोष्ट आपण सर्वांत कमी मोजतो. पुढच्या पिढ्यांनी तिच्या पतिव्रताधर्माचे अभंग मुलींना ऐकवले, माराचे अभंग मात्र पोथीतच ठेवले. हा दोष तिचा नाही, निवड करणाऱ्यांचा आहे. निवड करणारे काय करतात, हे मी स्वतःवरून जाणतो.

आता ह्या सगळ्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. एका समाजशास्त्रज्ञ मित्राने मला तो पूर्वी ऐकवला होता. तो म्हणाला, "तुमच्या ओव्यांनीच सासुरवास टिकवला. पहाटे जात्यावर ओकून टाकायचे, दिवसभर सोसायला मोकळे. झाकणाला भोक ठेवले की भांडे फुटत नाही. ते भोक नसते, तर ह्या बायकांनी केव्हाच घरे पेटवली असती." साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, १९८० नंतर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला, तो लाखाच्या पुढे गेला. "लाख ओव्या," मित्र म्हणाला, "आणि त्यांनी किती हात थांबवले?"

ह्या आक्षेपात सत्य आहे. गाऊन झाल्यावर मायचा चेहरा निवळत असे, हे मी पाहिले आहे. आणि निवळलेल्या चेहऱ्याने ती बापूंचे पाणी तापवायला जात असे, हेही पाहिले आहे. हसण्याचेही तसेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी साऱ्या घराचे जे हाल झाले ते वाचताना आपण पोट धरून हसतो. आणि हसता हसता विसरतो की त्या घरात पोरे वाढत होती. कला दुःख सुसह्य करते. पण जे सुसह्य होते ते चालू राहते, ही तिची दुसरी बाजू आहे.

तरी एक गोष्ट त्या मित्राच्या हिशेबात बसत नाही. ओवी जर निव्वळ वाफ होती, तर बापूंनी जाते माळ्यावर का चढवले? मारणारा माणूस पुष्कळ गोष्टी सहन करतो: रडणे सहन करतो, शापही सहन करतो. त्याला चालत नाही ते एवढेच की जे घडते त्याला कोणी नाव द्यावे. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे ह्यांनी आपले लिहिलेले कागद वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. १९८६ साली पुस्तक आले त्याच्या कितीतरी आधी ते लिहून झाले होते. जे कागद कोणाचे काही बिघडवू शकत नाहीत ते लपवावे लागत नाहीत. छळणाऱ्याला कलेची जी भीती वाटते, तीच तिच्या सामर्थ्याची साक्ष आहे, असे मी ठरवून टाकले होते. आणि इथेच हा लेख संपवायचाही होता: बापूंनी मायची ओवी बंद केली, माय मुकी झाली, मुलाने लेखणी उचलून तिचा आवाज पुढे नेला. वाचायला हे बरे वाटते. माझ्या कथेचा शेवटही असाच होता. त्यात बापाला पश्चात्ताप होतो आणि तो एके दिवशी मारणे सोडतो. बापूंनी १९५७ च्या सुमारास मारणे खरोखरच सोडले होते. त्या वर्षी ते पंढरपूरला जाऊन आले होते. मी ते श्रेय वारीला दिले. समीक्षकांनी माझ्या करुणेचे कौतुक केले होते.

गेल्या उन्हाळ्यात हे सगळे मी अक्काला सांगितले. तिला आता चौऱ्याऐंशी पुरी झाली आहेत. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "माय मुकी झाली, हे तुला कोणी सांगितलं?"

मग तिने जे सांगितले ते मी साठ-पासष्ट वर्षे ज्या घरात वाढलो त्या घराविषयीच होते. जाते माळ्यावर गेल्यावर माय दुपारी शेजारच्या काकूंकडे डाळ भरडायला, शेवया-पापडाच्या निमित्ताने पीठ काढायला जाऊ लागली. बापू जिनिंगमध्ये, मी शाळेत. काकूंच्या माजघरात जाते होते. तिथे चार-पाच बायका जमत. घरच्या जात्यावर माय जे गात नव्हती ते तिथे गाऊ लागली. आता अर्थ लपवायचेही कारण उरले नव्हते. ऐकणाऱ्या बायका तिच्या ओवीला आपली ओवी जोडीत. कोणाच्या घरात काय चालते हे त्या जात्याभोवती सर्वांना कळले. आणि कळले आहे हे एकमेकींना कळले.

"अन् मग एका रात्री," अक्का म्हणाली, "बापूंनी हात उचलला तशी मी काकूंच्या दाराकडे पळाले. काही सांगावं लागलं नाही. पाच जणी आल्या. ओट्यावर उभ्या राहिल्या. काकू एवढंच म्हणाल्या, 'भाऊजी, आम्ही हितंच उभ्या आहोत.' भांडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. बापू आत गेले. पुन्हा दोनदा आल्या त्या. तिसऱ्यांदा यावं लागलं नाही. पंढरपूर त्यानंतरचं."

मी विचारले, "मला कसं ठाऊक नाही?"

"तू झोपला होतास. आणि सकाळी कोण सांगणार? बाप्यामाणसांना सांगायची गोष्ट होती का ती?"

माझ्या कथेतली माय मुकी होती, कारण मला तिचे ऐकू येत नव्हते. ऐकू येत नव्हते, कारण ती माझ्यासाठी गात नव्हती. ह्या शोधाने लेखक म्हणून माझी मान खाली गेली, पण माणूस म्हणून काही तरी हाती लागले आहे. त्या मित्राचा प्रश्न होता, लाख ओव्यांनी किती हात थांबवले? ओवी हात थांबवत नाही, हे कबूल. हात थांबवायला दुसरे हात लागतात. अक्काचे मनगट लागते, ओट्यावर पाच बायका उभ्या राहाव्या लागतात. घरातल्या हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे २००५ साली झाला. त्या कायद्यालाही कोणी तरी येऊन दारात उभे राहावेच लागते. पण त्या पाच जणी ओट्यावर आल्या त्या ओवी ऐकून आल्या होत्या. काय सांगायचे हे अक्काला त्या रात्री शोधावे लागले नाही, ते मायने आधीच सांगून ठेवले होते. एकटीने उंबरठ्याआड गाइली तेव्हा ती ओवी वाफ होती. तीच ओवी ऐकणाऱ्यांत जाऊन पडली तेव्हा तिची साक्ष झाली आणि साक्षीला साक्षीदार मिळाले.

तेव्हा कलेला माझा प्रश्न आता वेगळा आहे. हे दुःखातून आले का, हे मी विचारीत नाही. ते किती सुंदर आहे, हेही आधी विचारीत नाही. ते कोणाला ऐकवले, आणि ऐकणाऱ्याने मग काय करायचे, हे विचारतो. माझी कथा मी अशा वाचकांना ऐकवली ज्यांनी सावलीचे वाक्य वाखाणावे. तेवढेच त्यांनी केले. त्यांचे चुकले नाही. मी मागितले तेच त्यांनी दिले. १९७४ साली अक्काने ती कथा मायला वाचून दाखवली होती. तेव्हा माय मला एवढेच म्हणाली होती, "त्यांचं नाव त नाही ना टाकलं?" मी ते नवऱ्याच्या अब्रूचे भय समजलो होतो. आज वाटते, त्यात थोडी निराशाही असेल. ज्या बायकांची नावे टाकायला हवी होती ती टाकलीस का, असे ती कदाचित विचारणार होती, पण तिने ते विचारले नाही.

सोपानदेवांनी आईचे शब्द टिपले आणि आईच्याच नावाने जगाला दिले. मुलाने करावे असे काम ते. मायच्या दुपारच्या ओव्या मी टिपल्या नाहीत. मला त्या ऐकताच आल्या नाहीत, आणि ज्यांनी ऐकल्या त्यांपैकी आता एकटी अक्का उरली आहे. हा लेख पाठवण्याआधी मी धुळ्याला जाऊन तिला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती केली. मी 'पाच बायका' लिहिले होते. ती म्हणाली, "पाच नाही, सहा. माय पण बाहेर येऊन त्यांच्यात उभी राहिली होती."